हेमाताईंचा साकव

रुग्णाचं काम बघायला उभ्या राहिल्या की हेमाताई दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायच्या. शाळेच्या कवायतीत 'विश्राम' म्हटल्यावर मुलं उभी राहतात तशा. मला सुरुवातीला ती त्यांची लकब वाटली. मग एकदा त्यांनीच सांगितलं.

"अरे, हात मोकळे ठेवले की ते मदतीला धावतात. समोरच्याच्या हातून कप निसटायला लागला की आपला हात पुढे जाणारच. मग त्याने तो सांभाळला असता की नाही, हे कधीच कळत नाही. ना आपल्याला, ना त्याला."

आमचा व्यवसाय ऑक्युपेशनल थेरपीचा. आजारातून उठलेला माणूस घरी गेल्यावर अंघोळ, कपडे, स्वयंपाक स्वतःचं स्वतः करू शकेल का, हे बघायचं. जमत नसेल तर शिकवायचं, किंवा घरात तशी सोय करून द्यायची. दक्षिण ऑकलंडमधल्या आमच्या हॉस्पिटलात त्यासाठी एक छोटं स्वयंपाकघर होतं. शेगडी, सिंक, फ्रिज, टेबल, भिंतीवर फोन. कुणाच्याही घरातलं असावं तसं, फक्त तिथे कुणाचंच घर नव्हतं. हेमाताईंनी तिथे बरीच वर्षं काढली होती. मी २०११ मध्ये नागपूरहून येऊन त्यांच्या हाताखाली रुजू झालो तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या समोर येऊन बसल्या.

"नागपूर का? मग संत्री आणलीस?"

"कस्टमवाले येऊ देत नाहीत."

"माहितीय मला. ऑस्ट्रेलियाला कधी जाणार?"

"ताई, मी गेल्याच आठवड्यात आलोय."

"म्हणून तर विचारतेय. दोन-तीन वर्षं इथे काढायची आणि पलीकडे उडी मारायची. सगळे तेच करतात. आधी सांगितलंस तर तुझ्यावर किती जीव लावायचा ते मला ठरवता येईल."

मी इथेच राहणार म्हटलं. "सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी आपल्या डब्यातली घावनं माझ्याकडे सरकवली.

सगळे जातात, हे खरं होतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात एक करार आहे. एका देशात तुमची थेरपिस्ट म्हणून नोंदणी असली की दुसऱ्या देशात पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. अर्ज करायचा, इथली नोंदणी दाखवायची, की तिथली मिळते. पुण्या-मुंबईहून आलेली मुलं-मुली इथे दमानं पाय रोवत आणि मग मेलबर्न, सिडनी, पर्थ. तिथे कामं जास्त, ऊनही जास्त. त्यांचे अर्ज हेमाताई समजावून द्यायच्या, शिफारस करायच्या, आणि वर टोमणेही मारायच्या.

हेमाताई मूळच्या देवरुखजवळच्या एका गावातल्या. त्या कराराला त्या साकव म्हणायच्या. गावातला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, ओलांडायला पोफळीचे ओंडके टाकून लोक साकव घालत. "अलीकडच्या माणसाने लाकूड ठोकून बघितलेलं असतं," त्या सांगायच्या. "पलीकडचा माणूस ते पुन्हा ठोकून बघत नाही. सरळ पाय टाकतो. हा करार म्हणजे तेवढंच आहे. तिथे तुला कुणी तपासणार नाही, कारण आम्ही तपासलंय असं ते धरून चालतात. तेव्हा आम्ही नीट तपासलेलं पाहिजे."

आमच्याकडे प्रसाद नावाचा एक मुलगा होता. त्याच्या हातून एका रुग्णाच्या बाबतीत निष्काळजीपणा झाला, आणि काही महिने दुसऱ्याच्या देखरेखीखालीच काम करायचं अशी अट इथल्या थेरपिस्टांच्या बोर्डाने त्याच्या नोंदणीवर घातली. त्याने ठरवलं, आता मेलबर्नला जावं, तिथे नवी पाटी. शिफारस मागायला तो हेमाताईंकडे आला.

"पाटी नवी नसते रे बाबा," त्या म्हणाल्या. "साकवावरून माणूस जातो तेव्हा त्याच्या डोक्यावरचं ओझंही जातं. अट तुझ्याबरोबर पलीकडे येणार. इथे देखरेखीला आपली रेचल तुझ्यामागे उभी राहते, तिथे अनोळखी कुणीतरी उभं राहील. त्यापेक्षा इथेच उतरव."

"तुम्हाला मी जायला नकोय, ताई."

"मला कुणीच जायला नकोय. पण ते वेगळं."

प्रसाद चिडला, महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नाही. पण थांबला. अट उठल्यावर गेला. त्याला विमानतळावर सोडायला हेमाताईच गेल्या. वाटेत त्याने चुकीच्या लावलेल्या सीटबेल्टवरून वाद घातला, असं त्यानेच नंतर मला फोनवर सांगितलं.

वाद हा त्यांचा श्वास होता. आवाज न चढवता, शांतपणे, समोरच्याला दम लागेपर्यंत. लिफ्टने या म्हटलं की जिना, बसा म्हटलं की उभ्या. न्यू लिनला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आयटीतल्या एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, "म्हणजे फिजिओच ना तुम्ही?" जेवणाची रांग संपेपर्यंत त्यांनी त्यांना सोडलं नाही. "फिजिओ तुम्हाला उभं करेल. उभं राहून तुम्ही करणार काय, ते मी बघते. तुम्ही घरी काय करता?" गृहस्थ म्हणाले, "काही नाही, बायको करते." हेमाताई म्हणाल्या, "मग तुम्हाला उभं करून उपयोग काय?" त्यांची बायको मागे उभी होती. ती सगळ्यात जास्त हसली.

त्यांचं काम नेमकं काय होतं, ते मला देशमुख आजोबांमुळे कळलं.

आजोबा पापाटोएटोला मुलाकडे राहायला आलेले. अर्धांगाचा हलका झटका येऊन आमच्या वॉर्डात दाखल झाले. हातपाय लवकर सुधारले. रेचल ही आमच्यातली तरुण, चांगली थेरपिस्ट. तिने नियमाप्रमाणे त्यांना त्या स्वयंपाकघरात नेऊन चहा करायला सांगितलं. आजोबांनी किटलीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून राहिले. रेचलने लिहिलं की कामाचा क्रम त्यांना सुचत नाही, मेंदूवर परिणाम दिसतो.

हेमाताईंनी आजींना बोलावलं. "यांनी कधी चहा केलाय?"

"अहो बाई, ह्यांना साखरेचा डबा कुठे असतो ते तरी विचारा. लग्न झाल्यापासून पाणीसुद्धा हातात दिलंय."

"मग दिवसभर करतात काय?"

"पान खातात आणि मला बोलतात."

दुसऱ्या दिवशी आजी पानाचा डबा घेऊन आल्या. भारतीय दुकानातून फिजीची पानं आणलेली. आजोबांनी पान मांडीवर पुसलं, देठ खुडलं, शिरा काढल्या, चुना लावला, कात, सुपारी, आणि विडा वळून ऐटीत हेमाताईंपुढे धरला. आजींनी डोळे पुसले. रेचल दारातून म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. मलाही वाटलं, झालं, सुटले आजोबा.

हेमाताईंनी विडा घेतला आणि म्हणाल्या, "सुधीरसाठी एक करा की." त्यांचे हात पुन्हा पाठीमागे. आजोबांनी दुसरं पान घेतलं. आजी मध्येच काहीतरी बोलल्या. आजोबांनी त्यांना उत्तर दिलं आणि पानाकडे वळून चुना लावला. तो आधीच लावलेला होता.

बाहेर आल्यावर रेचल म्हणाली की आपण त्यांच्या संस्कृतीप्रमाणे बघितलं आणि ते पास झाले. हेमाताई म्हणाल्या, "चहा न येणं हा काही आजार नाही. तिथे तू चुकलीस. पण दोनदा चुना लावणं हा आजार आहे, आणि तो दिसू नये असं आपल्या तिघांनाही वाटत होतं. अजून आठवडाभर राहू देत."

तो दुसरा विडा माझ्यासाठी होता. तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खाल्ला. त्यांची जीभ इतकी भाजली की दोन दिवस त्या दहीभातावर होत्या. "थुंकायचा ना," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर?" त्या म्हणाल्या.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्यांचे यजमान वारले. मुलगी केतकी लग्न होऊन ब्रिस्बेनला गेली. तिला मुलगा झाला. मी जातो जातो म्हणत राहिलो आणि गेलो नाही, त्यामुळे हेमाताईंनी माझ्यावर हवा तेवढा जीव लावला. मी त्या जिवाला लायक होतो का, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. मी तसाच माणूस आहे. कुणी प्रेमाने वाढलं तर आपण काहीतरी लुबाडतोय असं मला वाटतं.

२०१८ मध्ये हेमाताईंनी स्वतः पलीकडे जायचं ठरवलं. ब्रिस्बेनमध्ये एका ठिकाणी त्यांच्या अनुभवाच्या थेरपिस्टची गरज होती, आणि फोनवरच्या मुलाखतीत त्यांनी त्या लोकांना जिंकून घेतलं. इथे सगळ्यांना आनंद झाला. मी म्हणालो, "शेवटी नातवाने ओढलंच."

"नातवाकडे मी जात नाहीये," त्या म्हणाल्या. "मी नोकरीवर जातेय. नातू त्या गावात असेल. केतकीच्या घरी सोफ्यावर बसून मुलाला सांभाळणारी आई मला व्हायचं नाही. माझी वेगळी खोली, माझं वेगळं काम, गळ्यात माझ्या नावाचा बिल्ला. संध्याकाळी वाटलं तर जाईन, नाही वाटलं तर नाही जाणार."

न्यूझीलंडचा नागरिक तिकडे तसाही राहू शकतो. नोंदणी नसती तरी त्यांना मुलीकडे जाता आलं असतं. पण त्यांना नोंदणीच हवी होती.

त्या सुमारास काही गोष्टी होत होत्या. माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये गाडी कुठे लावली ते सापडेना म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. असं कुणाचंही होतं. एका रुग्णाला त्या दुसऱ्याच्या नावाने हाक मारत राहिल्या. तेही होतं. एकदा मीटिंगमध्ये त्यांनी एकच मुद्दा थोड्या वेळाने पुन्हा मांडला, त्याच शब्दांत, त्याच विनोदासकट. लोक पुन्हा हसले. मला ते दिसत होतं. मी त्या गोष्टी एकमेकींना जोडत नव्हतो, एवढंच.

जोडल्या त्यांनी स्वतः. एका दुपारी जेवणानंतर त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"सुधीर, स्वयंपाकघर रिकामं आहे. मला बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण बघतो तसं. अर्जात लिहायचंय की काम करायला मी तब्येतीने योग्य आहे. मला वाटतं, मी आहे. पण देशमुखांनाही वाटत होतं."

मी म्हटलं, "ताई, डॉक्टरकडे जाऊ या ना."

"जाईन. डॉक्टर मला वार विचारेल, घड्याळ काढायला लावेल. ते मला पाठ आहे, इतक्यांना करताना पाहिलंय. तुला फसवणं अवघड, तुला मी शिकवलंय. आणि हे बघ, ब्रिस्बेनला कुणी ठोकून बघणार नाहीये. जे काही बघायचं ते इथेच."

"रेचल करेल."

"रेचल फार चांगली मुलगी आहे. ती मला पास करेल."

काम मीच ठरवायचं होतं. झोपेतही जमेल असं नको, आणि कधी न केलेलं नको. मी कांदेपोहे आणि चहा सांगितला. मध्ये फोन वाजेल, तो घ्यायचा आणि निरोप लक्षात ठेवायचा. त्या म्हणाल्या, "बरं निवडलंस," आणि ॲप्रन बांधला.

सुरुवात त्यांनी माझ्या बायकोपेक्षा सफाईने केली. पोहे धुऊन निथळत ठेवले. कांदा चिरला. कढईत तेल घालून शेगडी लावली. बोलत होत्या, या शेगडीला आच कमी करायची अक्कल नाही वगैरे. रेचलला मी शेजारच्या खोलीतून फोन करायला सांगून ठेवलं होतं, तो तेव्हा वाजला. त्यांनी घेतला, नीट बोलल्या, हसल्यासुद्धा. ठेवला. परत आल्या आणि पोहे पुन्हा नळाखाली धरले. मग टोपलीतून दुसरा कांदा घेऊन सोलायला लागल्या. चिरलेला कांदा त्यांच्या समोर चिरायच्या फळीवर होता. त्यांचा हात त्याच्यावरून गेला.

तेलाला धूर यायला लागला. नियम असा की धोका होईपर्यंत आपण बोलायचं नाही. किती थांबायचं, हेच सगळं कसब. मी थांबलो. त्यांनी धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

मी पुढे होऊन शेगडी बंद केली.

त्यांनी अर्धा सोललेला कांदा खाली ठेवला, हात धुतले, पुसले आणि टेबलाशी बसल्या. मीही समोर बसलो. आम्ही रुग्णांना सांगतो तसं मी सांगायला लागलो. इंग्रजीत. तुमच्या बऱ्याच गोष्टी उत्तम आहेत, लक्ष दुसरीकडे वळलं की क्रम राखायला थोडा त्रास होतोय, सुरक्षिततेबाबत काही चिंता आहेत.

"मराठीत सांग," त्या म्हणाल्या.

मराठीत माझ्याकडे ती वाक्यं नव्हती. ती मी इथे येऊन इंग्रजीतच शिकलो होतो.

"ताई, फोननंतर तुम्ही पोहे पुन्हा धुतले. कांदा चिरलेला होता, तो दिसला नाही. तेल तापत ठेवलंय हे तुम्ही विसरलात."

"आणि?"

"आणि तुम्ही माझ्या रुग्ण असता तर मी तुम्हाला घरी एकटं पाठवलं नसतं."

त्यांनी ॲप्रनची गाठ सोडली. मग म्हणाल्या, "फोनवर निरोप काय होता?"

मी सांगितलं.

"तो पण गेला," त्या म्हणाल्या. "बरोबर बघितलंस."

मला त्या वेळी काही वाटलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की मी नंतर रडलो असेन. मी कढई घासली. पोहे दोनदा भिजून लगदा झाले होते, ते टाकले. तीन वाजता माझा पुढचा रुग्ण होता, तो बघितला. खरं बोललो, त्यात चूक नाही, असं बायको म्हणते, रेचल म्हणते. मलाही ते मान्य आहे. पण चूक असती तर निदान ती कुठेतरी ठेवता आली असती. मी एका बाईचं उरलेलं आयुष्य तिच्याच सांगण्यावरून, तिनेच शिकवलेल्या रीतीने, नीट काम करून बंद केलं. याचं काय करायचं ते मला माहीत नाही. पाच मिनिटं उशिरा फोन करायला सांगितला असता तर, असं मी अजून मनात मांडून बघतो. पोहे झाले असते. बाकी सगळं तसंच राहिलं असतं.

पुढचं त्यांनी स्वतः केलं. डॉक्टरकडे गेल्या. तपासण्यांनी मी पाहिलं तेच सांगितलं, फक्त त्याला नाव दिलं. त्यांनी ब्रिस्बेनच्या लोकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं, अर्ज मागे घेतला, आणि इथल्या बोर्डाला कळवून नोंदणीही सोडली. मी म्हटलं, "इथली राहू द्या ना, काम नाही केलं तरी." त्या म्हणाल्या, "माझं नाव तिथे आहे तोवर कुणीतरी त्याच्यावर पाय टाकू शकतो."

स्टाफरूममध्ये निरोपाचं जेवण झालं. ज्याने त्याने एकेक पदार्थ आणला. कुणी विषय काढला नाही. त्यांनी भाषण केलं नाही. रेचलने आणलेल्या केकवरून सुद्धा त्या काही बोलल्या नाहीत. त्यात अंडं जास्त होतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

केतकी त्यांना न्यायला आली. मी दोघींना घेऊन विमानतळावर गेलो. तो २०१९ चा उन्हाळा होता, फेब्रुवारी, बाहेर सगळे शॉर्ट्स आणि इथे जँडल्स म्हणतात त्या रबरी चपलांमध्ये. हेमाताई चांगल्या दिसत होत्या. त्यांना चालायला काहीही त्रास नव्हता. सामान दिल्यावर विमानतळाचा एक उंच, धिप्पाड सामोअन मुलगा चाकाची खुर्ची घेऊन समोर आला.

"किआ ओरा. हेमा?"

"क्यू लाँग आहे, आई," केतकी म्हणाली. "सो आय बुक्ड इट. जस्ट टिल द गेट, ओके?"

मी वाट पाहत होतो. आता त्या म्हणतील, मला काय झालंय चालायला. त्या मुलाला विचारतील, तुला कुणी सांगितलं मी दमलेय म्हणून. केतकीही वाट पाहत असावी, कारण तिने पुढचं वाक्य तयार ठेवल्यासारखा श्वास घेतला होता.

हेमाताईंनी खुर्चीकडे पाहिलं. मग त्या बसल्या. पाय स्वतःच उचलून पाटीवर ठेवले आणि पर्स मांडीवर घेतली.

"येतो मी तिकडे भेटायला," मी म्हटलं.

"ये," त्या म्हणाल्या.

केतकी पासपोर्ट हातात घेऊन पुढे झाली. त्या मुलाने खुर्ची वळवली. ढकलता ढकलता, प्रवाशांशी दोन शब्द बोलायची सवय असते तसं, तो खाली वाकून म्हणाला, "सो, व्हॉट डू यू डू, हेमा?"

हेमाताईंनी मान वर करून त्याला काहीतरी सांगितलं. गर्दीत मला ऐकू आलं नाही. त्याने गंभीरपणे मान डोलावली, त्या अजून बोलतच होत्या, आणि काचेचं दार उघडून दोघं आत गेले.